तुर्कीसाठी चार दाबा

पत्र तुर्की भाषेत होतं, तिथंच मी घाबरले... नाही, हसू नका, तुम्हाला सांगते, आमच्या घरी पालिकेचं पत्र येतं ते करड्या पाकिटात येतं, जर्मनमध्ये येतं, आणि आजी ते दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर आणावा तसं माझ्याकडे आणते. तुर्कीत पत्र येतं ते फक्त गावाकडून, आणि गावाकडून येतं ते फक्त कुणी गेलं की. त्यामुळे करड्या पाकिटातून तुर्की बाहेर पडल्याबरोबर आजी मटकन खाली बसली आणि म्हणाली, "कोण गेलं?" आता आमच्यातलं कोण गेलं हे जर्मन पालिका कशाला कळवेल? पण मीही दचकलेच, मी टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकते. मग ते पत्र वाचणार कोण? मीच.

आठ वर्षांची असल्यापासून हेच करतेय. आजी बहात्तर साली तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठच्या गावातून इथं जर्मनीत बल्बच्या कारखान्यात आली, दोन वर्षांत परत जायचंय म्हणून जर्मन शिकली नाही, आणि ती दोन वर्षं अजून चालू आहेत. आईला जर्मन येतं, पण भाजीवाल्यापुरतं; समोर साहेब दिसला की तिचं जर्मन पर्समध्ये जाऊन बसतं आणि वरून चेन लावून घेतं. आजीच्या मूळव्याधीचं वर्णन मी नवव्या वर्षी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे केलंय, हातवाऱ्यांसकट. बँकेत कोण? मी. घरमालकाशी भांडायला कोण? मी, तेही दोन्ही बाजूंनी! शाळेत बाई आईला म्हणाल्या, मुलगी गणितात कच्ची आहे आणि वर्गात अखंड बडबडते. मी आईला सांगितलं, बाई म्हणतात मुलगी मोकळी आहे, गणिताचा ताण देऊ नका. या नोकरीत मिळालेला भत्ता तेवढाच.

म्हणून चहाचं दुकान चालवणाऱ्या दुर्सुनकाकांनी जेव्हा जाहीर केलं की पालिकेत तुर्कीला जर्मनच्या शेजारी खुर्ची मिळालीच पाहिजे, तेव्हा अर्जावर पहिली सही कुणाची? माझीच. काका बोलले मात्र झकास. म्हणाले, साठ वर्षं आम्ही यांच्या भट्ट्या पेटवल्या, आणि आमची भाषा अजून दाराबाहेर चपलांजवळ बसलीय. समोरच्या बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, उद्या अरबी येईल, परवा पोलिश येईल, मग? काका म्हणाले, येऊ द्या, किटलीत पाणी वाढवू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, पण तुम्हाला खरं सांगते, मला इतिहास नको होता, न्याय नको होता. मला हाम्बुर्ग हवं होतं. तिथल्या बंदराच्या ऑफिसात मला नोकरी लागली होती आणि आई म्हणाली होती, "जा ना, कोण अडवतंय? आजीनं पालिकेचं एक काम तुझ्याशिवाय केलं की त्याच दिवशी जा." म्हणजे, भाषेला दर्जा मिळाला की मला सुटी! पावसात उभं राहून सहाशे पत्रकं वाटली हो मी. कुत्रं भुंकलं की पत्रकं टाकून पळायचे, मग परत येऊन गोळा करायचे.

आणि दर्जा मिळाला! एक वर्षासाठी, करून बघू म्हणून. पत्रं तुर्कीत, फोन तुर्कीत, तुर्कीसाठी चार दाबा. काकांनी दुकानात बक्लाव्याची मिठाई वाटली.

त्यातलं हे पहिलं पत्र. मी मोठ्यानं वाचायला घेतलं: "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या वास्तव्य-अनुज्ञेच्या नूतनीकरणास्तव विहित मुदतीत नियत भेटसमय प्राप्त करून घेणे अनिवार्य आहे."

आजी म्हणाली, "हे कुणाचं तुर्की?"

अंकारातल्या एखाद्या साहेबाचं असेल, मला काय माहीत? आमच्या तुर्कीत शेताला शब्द आहे, हेझलनटच्या साली काढण्याला शब्द आहे, शेजारणीच्या सुनेसाठी तर अकरा आहेत. पण ऑफिसातली ठरलेली वेळ म्हणजे टर्मीन, पेन्शन म्हणजे रेंटे, सगळं जर्मन. गावी आजीकडे ना कसली ठरलेली वेळ होती, ना पेन्शन. मग शब्द कुठून असणार? मलाही त्या ओळीतलं फक्त "आहे" कळलं. शेवटी पत्र उलटं केलं, मागे बारीक अक्षरांत जर्मन होतं, ते वाचलं आणि आजीला सांगितलं की तुझं राहण्याचं कार्ड संपतंय, फोन करून टर्मीन घ्यायची आहे. तुर्कीतून तुर्कीत भाषांतर, तेही जर्मनच्या वाटेनं! करणार कोण? मीच.

पण फोन आजी करणार होती. शुक्रवारी सकाळी, कारण हाम्बुर्गवाल्यांना शुक्रवारी बाराच्या आत होकार द्यायचा होता. मी तोंड उघडायचं नाही असं आईनं बजावलं आणि माझ्यापुढे सूर्यफुलाच्या बियांची वाटी ठेवली, म्हणजे तोंड कामात राहील. समोर लॅपटॉप, लॅपटॉपवर होकाराचं बटण, माऊसवर माझा हात. आजीनं डोक्याचा रुमाल नवा बांधला, फोनसाठी हं, आणि सगळं ठरवून ठेवलं: आधी समोरच्याचं गाव विचारायचं, मग वडलांची तब्येत, मग काम. थेट काम सांगणं म्हणजे बूट घालून कुणाच्या गालिच्यावर जाणं. मग तिनं चार दाबला. अकरा वाजून सहा मिनिटं.

बासरी वाजायला लागली. मधूनच रेकॉर्डमधली बाई सांगायची, आपण रांगेत सातव्या आहात, आणि आजी तिला म्हणायची, "असू दे गं बाळा, सावकाश होऊ दे." सहाव्या. आजीनं तिलाही गाव विचारून पाहिलं. अकरा चाळीसला तिसऱ्या. माझ्या बिया संपल्या, मी सालं चघळायला लागले. आई खिडकीची काच पुसत होती, एकच काच, अर्धा तास. अकरा एक्कावन्नला बासरी थांबली आणि मी खुर्चीतून टणकन उडाले.

खरीखुरी मुलगी! माझ्याच वयाची असावी. आजीनं गाव विचारलं, गाव डोंगरापलीकडचंच निघालं, वडलांची तब्येत बरी होती. आजीचा चेहरा असा फुलला, आणि मी माऊसवरचं बोट हळूच दाबायला घेतलं... मग आजीनं टर्मीन मागितली. तिकडे कागद फडफडले. मुलगी वाचायला लागली, "नियत भेटसमय प्राप्त्यर्थ आपला..." आणि थांबली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, कुणाला सांगू नका, पण हे शब्द मलाही कळत नाहीत. मी इथंच वाढलेय. घरात कुणी जर्मन येणारं आहे का? दोन मिनिटांत होईल."

आई काच पुसतच राहिली. आजीनं फोन दोन बोटांत धरला, मेलेल्या उंदरासारखा, आणि माझ्यापुढे केला.

मी माऊसवरचा हात काढला. म्हटलं, "हं, बोला. मीच."