कपाटातल्या चोवीस बाटल्या

नाव नर्मदा रामेश्वर तोडणकर. वय अंदाजे एकाहत्तर, दाखला नाही. व्यवसाय काही नाही. सुनेला विचाराल तर बसून खाणे. राहणार मुलाकडे, अल कुसैस, दुबई, तिसरा मजला. मूळ गाव तालुका गुहागर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझा मुलगा चारुदत्त हा घरात बिअर करतो, इथे त्याला बंदी असूनही. जवाचा अर्क, साखर आणि पावाचं यीस्ट प्लास्टिकच्या पिंपात आठ-दहा दिवस ठेवतो. या वेळी त्याच्या बॉसला पाजायची होती म्हणून पाचव्याच दिवशी बाटल्यांत भरली. मी म्हटलं, "अरे, अजून फसफसतंय." तो म्हणाला, "आई, ही आंबोळी नाही." चोवीस बाटल्या झाकणं आवळून कपाटात ठेवल्या.

बुधवारी आम्ही सगळे अबुधाबीला गेलो. निघताना सून विभावरी हिने बिल वाचवायला एसी बंद केला. ती नेहमी करते.

शुक्रवार, ता. १७ जुलै १९९८ रोजी सकाळी अकराला परत आलो. घर भट्टीसारखं तापलं होतं. कपाटात दोन बाटल्या फुटलेल्या होत्या, तिसरी आमच्यादेखत फुटली. चारुदत्त हॉलमध्ये पळाला. तेवढ्यात तुकाराम आला. हा आमच्या वाडीतला, वय तीस, रंगकाम करतो. त्याचा व्हिसा चारुदत्तने लावून दिला, म्हणून दर शुक्रवारी येऊन घरातली कामं करतो.

चारुदत्त त्याला म्हणाला, "एकेक बाहेर काढ, झाकणं सैल कर." तुकाराम म्हणाला, "दादा, एसी लावून तासभर थांबूया. गार होऊ देत." चारुदत्त म्हणाला, "वास बाहेर चाललाय. नमाज सुटायच्या आत खलास करायचंय. यल्ला!"

तुकारामने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काय रे, बाराव्या माळ्यावर लोंबकळून रंग मारतोस आणि बाटलीला घाबरतोस? सुनेची ओढणी देऊ का तोंडावर घ्यायला?" विभावरी हसली. मीही हसले. तो आत गेला.

त्याने हातात घेतलेली चौथी बाटली फुटली. काच डाव्या डोळ्यात गेली.

त्याला टॉवेल देऊन बाथरूममध्ये बसवलं. चारुदत्त त्याला म्हणाला, "आवाज करू नकोस." उरलेल्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. विभावरीने उदबत्त्या लावल्या. फरशी मी पुसली. यात पाऊण तास गेला. तुकारामने आवाज केला नाही. नात ईश्वरी, वय नऊ, सारखी "ही नीड्स अ डॉक्टर" म्हणत होती. मला इंग्रजी येत नाही, पण कळलं. मी फरशी पुसत राहिले. शेवटी अँब्युलन्सला फोन तिनेच केला.

डोळा गेला, असं डॉक्टर म्हणाले.

इथे येताना गाडीत चारुदत्त म्हणाला, "आई, माल तुकारामचा म्हण. तो सुटला की गावाला जाईल. मला पोरगी आहे." माल तुकारामचा नाही. त्याने आजवर त्यातला घोटही घेतलेला नाही. माल माझ्या मुलाचा आहे.

जबाब दुभाषे रामचंद्र यांनी मला मराठीत ऐकवला. त्यात माझं हसणं नव्हतं. मी विचारलं. ते म्हणाले, "आजी, हसणं हा गुन्हा नाही, साहेबांनी गाळलं." मी म्हटलं, घाला, नाहीतर अंगठा देणार नाही. साहेबांनी घातलं. पुन्हा ऐकला. आता झालं तसं आहे.

डाव्या हाताचा अंगठा.