पेपरात आलेलं नाव

माझं माहेर धरणगावच्या अंगाला, खेडं आहे लहान, चारी बाजूंनी कपाशी. बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार होता, त्यामुळे लहानपणी मांडे म्हणजे पाटलाच्या घराकडून वास यायचा तेवढेच. लग्न होऊन पारोळ्याला आले तेव्हा सासूने विचारलं, तुले काय काय येस, मी म्हटलं भाकर येते, कळण्याची भाकर येते, भरीत येतं. सासू हसली. म्हणाली, बठ्ठं इसरी जाय, आते मांडा शिक. म्हणजे ते सगळं विसर.

काय सांगू तुम्हाला, शिकायला फार दिवस गेले. तुम्ही शहरातले म्हणून सांगते. आपल्याकडचा मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर टाकत टाकत मोठा करायचा, कोपरापर्यंत आला की चुलीवर उपडं घातलेल्या मातीच्या खापरावर एका झपाट्यात टाकायचा. हात थांबला की फाटला. हे पाहा माझे हात, या खुणा सगळ्या खापराच्या आहेत, रोगाच्या नाहीत, लोक विचारतात म्हणून सांगते.

मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मंगल पाच-सहा वर्षांची असताना गेले, छातीचं दुखणं होतं. सासूही त्याच सालात गेली. मग मी आणि मंगल, आणि हे हात. लग्नसराईत मला पारोळ्याहून धुळ्याच्या बाजूला, इकडे धरणगावपर्यंत बोलावणं यायचं. पाटी नव्हती, काही नव्हतं, लोकच एकमेकांना सांगायचे, मांडे करायचे असतील तर त्या बाईला बोलवा. माझ्या नावानंच ते मांडे ओळखायचे. आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, तर दारात रांग लागायची. लेकी माहेराला आलेल्या असायच्या, त्यांना आमरस आणि मांडे पाहिजेतच, आणि सुनांना ते जमायचं नाही, मग माझ्याकडे गोळा व्हायच्या. मी रागवायची, अगं शिका की, मी काय जन्मभर पुरणार आहे? त्या म्हणायच्या, तुम्ही आहात तवर कशाला शिकायचं. असं सगळं चाललं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाना राहायचे. नाना म्हणजे माझा भाऊच. रक्ताचा नाही, पण मालक गेल्यावर पहिली राखी मी त्यांना बांधली ती कधी चुकली नाही. मला अक्का म्हणायचे. त्यांची मोठी मुलगी सुनंदा, तिला धुळ्याचं स्थळ मिळालं, शिकलेलं घर, मुलगा नोकरीला. नानांना आभाळ ठेंगणं झालं. म्हणाले, अक्का, वऱ्हाडाला मांडे तुझ्या हातचे. मी म्हटलं, हे काय सांगायचं झालं?

आखाजीनंतरचं लग्न, ऊन असं की मांडवात उभं राहवत नव्हतं. मी पहाटेपासून खापराजवळ. रसाचं काम भाऊबंदांतल्या बायकांकडे होतं. आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं यातच आहे. आमच्याकडे लग्नाची मोठी भांडी कुणाच्या घरची नसतात, समाजाची असतात. पातेली, पराती, घंगाळी, सगळं पितळेचं, देवळामागच्या खोलीत कुलपात. ज्याच्या घरी कार्य तो नेतो, आणि नेताना कल्हई करून घ्यायची असा नेमच आहे, नाहीतर आंबट पदार्थ पितळेत कळकतो, बाधतो. त्या सालात लग्नं एकावर एक होती. ह्या घरून भांडी थेट त्या घरी जात होती. ह्यानं म्हटलं त्यानं केली असेल, त्यानं म्हटलं मागच्यानं केली असेल. नानांनी सकाळी रसाचं पातेलं आणलं आणि रस भरला. वऱ्हाडाला धुळ्याहून यायला उशीर झाला, मग वाजंत्री, मग मानपान, तोवर रस त्या पातेल्यात तसाच.

जेवणं झाली, वाहवा झाली. नवरदेवाचे काका स्वतः चुलीजवळ आले, म्हणाले, बाई, असा मांडा धुळ्यात मिळत नाही. मी पदरानं तोंड पुसलं. आणि दिवस मावळायच्या आत वऱ्हाडातल्या लोकांना उलट्या सुरू झाल्या. गाडीत बसलेली माणसं उतरली, बायका ओट्यावर आडव्या झाल्या, डॉक्टर आणले. देवाची कृपा, कुणाच्या जिवाला काही झालं नाही. नवरी मुलगी रडत रडत सासरी गेली, ती माहेर सुटलं म्हणून रडत होती की लाजेनं, कुणाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी खापर आणायला नानांकडे गेले. त्यांची बायको परसात ते पातेलं घासत होती. मला पाहून तिचे हात थांबले. पातेल्याच्या तळाला कल्हई उरलीच नव्हती, हिरवट डाग पडले होते, रस कळकला होता. नाना मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, अक्का, पाह्यं ते पाह्यं, कोठे बोलू नको, पोर कालच उंबरा ओलांडीसन गई. मी म्हटलं, नाना, मी कशाला बोलू, माझीही ती पोरच आहे.

तेव्हा माझं नाव कशातच नव्हतं हो. म्हणून म्हणाले मी.

आठवडा गेला असेल. मंगल तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात. सुट्टीतल्या जादा तासांहून आली ती दप्तरासकट दारात उभी. हातात धुळ्याचा पेपर, कुणीतरी मुद्दाम दिला होता. त्यात वाचकांच्या तक्रारी छापायचे, रस्त्यावर दिवा नाही, नळाला पाणी नाही, तसल्या. मला वाचता येत नाही. मी म्हटलं, वाच की. ती म्हणाली, माय, तुनं नाव शे आठे. मी हसले, म्हटलं माझं नाव कशाला येईल पेपरात, मी काय नगरसेवक आहे? तिनं वाचलं. नवरदेवाच्या त्या काकांनी लिहिलं होतं. पारोळ्याची अमुक अमुक बाई, अमुक गल्लीत राहणारी, लग्नकार्यात शिळं पुरण वापरते, वऱ्हाडाच्या जिवाशी खेळ झाला, लोकांनी सावध राहावं. माझं नाव, मालकांचं नाव, आडनाव, गल्ली, सगळं. मेलेल्या माणसाचं नाव कशाला घातलं असेल, मला ते फार लागलं. मंगलनं पेपराची घडी केली, उलगडला, परत घडी केली. म्हणाली, शिळं कसं होईल, डाळ तर मीच निवडली होती.

तो पेपर न्हाव्याच्या दुकानात गेला, चहाच्या टपरीवर गेला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवला. नळावर गेले तर एक जण म्हणाली, काय व माय, आज पुरण शिळं शे का ताजं? बाकीच्या हसल्या. त्यांतल्या दोघींच्या बाळंतपणात मी होते.

मी नानांकडे गेले. म्हटलं, नाना, आता बोला. ते खाटेवरून उठले आणि माझ्या पायाशी बसले, एवढा मोठा माणूस. तुले हात जोडस अक्का, म्हणाले, मी पातेल्याचं नाव घेतलं, तर सासरचे म्हणतील बापानं विष घातलं, पोरीला उद्या माहेरी आणून सोडतील, आणि भाऊबंद म्हणतील समाजाच्या भांड्याला बट्टा लावला. तू एकटी बाई, तुझ्यावर येईल आणि निघून जाईल. दिवाळीपर्यंत लोक विसरतील. माझ्या डोळ्यासमोर सुनंदा आली, परकर नेसून माझ्या चुलीजवळ बसायची ती. मी घरी आले.

पण रोज उठून ते ऐकवेना. मग मंगलला घेऊन एसटीनं धुळ्याला गेले, पेपरच्या कचेरीत. तिथले साहेब भले होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, साहेब, पुरण ताजं होतं एवढं छापा, दुसरं काही नको. ते म्हणाले, छापतो की, बाई. पण मग लोक कशानं आजारी पडले ते सांगा, तेही छापतो. काय सांगू तुम्हाला, माझ्या जिभेवर होतं. मंगल माझ्याकडे पाहत होती. तिला ठाऊक होतं, तिला मी सांगितलं होतं. मी पाणी प्यायले. म्हटलं, ते मला नाही ठाऊक. साहेब म्हणाले, मग लग्नघरच्या मालकाचा एक कागद आणा, पुरणाबद्दल तक्रार नाही म्हणून, लगेच छापतो. कागद कोण देणार होतं? परतीच्या गाडीत मंगल खिडकीकडे तोंड करून बसली. एकदाच बोलली, माय, तुले तुनी पोर दिसत नही का?

त्या हंगामात बोलावणं आलं नाही. कुणी वाईट नाही बोललं, तोंडावर सगळे गोडच. कुणी म्हणे यंदा बुंदीच करायची, कुणी म्हणे आमची आत्याच येणार आहे करायला. मी लोकांच्या घरी पापड लाटायला, तीळ निवडायला लागले. म्हणजे निवडायला चालायची मी, शिजवायला नाही.

पुढच्या आखाजीला मी काय केलं, आता आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं. चूल घरातून बाहेर काढली, गल्लीत मांडली. डाळ सगळ्यांसमोर निवडली, सगळ्यांसमोर शिजवली, पुरण पाट्यावर वाटलं, म्हटलं पाहा, डोळ्यांनी पाहा, आणि खाऊन जा, माझ्याकडून आखाजी. खापर तापवलं. असे मांडे उतरले की सासू असती तर दृष्ट काढली असती. थाटीवर थाटी भरली. माणसं ओट्यावर उभी राहून पाहत होती. लहान पोरं पुढे यायची, त्यांच्या आया हाक मारायच्या. एक म्हातारी म्हणाली, वास बरा शे व, आणि आत निघून गेली. नाना त्यांच्या दारात उभे होते. मी हाक मारली, नाना, या, भाऊ आहात, पहिला घास तुमचा. त्यांनी पुढे पाऊल टाकलं, खरंच टाकलं, खोटं नाही बोलणार. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि म्हणाले, पोट बरं नाही गं आज.

मंगल उठली. गल्लीच्या मधोमध मांडी घालून बसली आणि खायला लागली. एक मांडा, दुसरा मांडा, कुणाकडे न पाहता. मी म्हटलं पुरे, पोरी. ती खातच होती, डोळ्यांतून पाणी, तोंडात घास, गिळवत नव्हतं तरी. शेवटी मी तिच्या हातातून काढून घेतला. उरलेले गाईला घातले. त्या दिवसानंतर मी चूल गल्लीत मांडली नाही.

मंगलला जळगावचं स्थळ आलं, माणसं चांगली आहेत, आजही म्हणते चांगली आहेत. बोलणी झाली. मग मध्यस्थाकडून निरोप आला, लग्नाचा आचारी आमच्याकडून येईल, विहीणबाईंनी चुलीची दगदग करू नये. किती मायेनं सांगितलं. माझ्या पोटच्या पोरीच्या लग्नात मी नवी साडी नेसून मांडवात बसले, हात मांडीवर ठेवून. लोक म्हणत होते, बरं झालं, तुम्हाला आराम मिळाला. मंगल निघताना माझे हातच धरून रडली, गळ्यात नाही पडली, हातच धरले.

मागच्या थंडीत नाना वारले. तेराव्यानंतर सुनंदा माझ्याकडे आली. आता तिची मुलं मोठी आहेत, तिच्याही केसांत पांढरं दिसतं. बसली, म्हणाली, आत्या, आईनं परवा सांगितलं, बाबांनी तुम्हाला गप्प बसवलं होतं ते. तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात? मी म्हटलं, तुझा संसार नवा होता, तुला कुणी टाकून बोलू नये म्हणून. ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, आत्या, आमच्या घरी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळलं होतं. डॉक्टरनंच सासऱ्यांना सांगितलं, पितळेत कळकलेल्या रसाचं हे लक्षण. सासरे हसले होते, म्हणाले, लग्नात व्हायचंच, व्याह्यांना कळवू नका, वाईट वाटेल. काकांनाही कळलं. ते म्हणाले, आता छापून गेलं, परत काय लिहायचं.

ती रडत होती, म्हणाली, मी लिहिते पेपरात, माझ्या नावानं लिहिते. मी म्हटलं, नको पोरी. ज्यांना ठाऊक होतं त्यातले निम्मे मेले, उरलेले विसरले. आता छापलंस तर विसरलेल्यांना तेवढं आठवेल, पुरण आणि उलट्या. आणि तुझा बाप नुकता गेलाय, त्याला राहू दे. तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. म्हटलं, सुखाने नांद. मनापासून म्हटलं, वरवरचं नाही. तिचं काय चुकलं?

आता मी बहुतेक मंगलकडेच असते, जळगावला. ती हट्ट करते, पोरांसाठी एकदा मांडे कर. मी म्हणते, हात दुखतात.

तुम्ही हे लिहून घेताय, घ्या. गावाचं नाव टाका, नाना टाका, गावात नानांना काय तोटा आहे. मांड्यांचं नीट लिहा, पोळपाट नसतो हे लिहा. माझं नाव तेवढं नको. एकदा छापून आलं, पुरे झालं. बसा, उठू नका, चहा टाकते. घ्याल ना माझ्या हातचा?