मोठा रेडिएटर, सावकाश पंखा

आबा: घमेल्यातल्या पाण्यात बघ, बुडबुडा येतोय का? मी फुंकतोय तोवर नजर हलवू नकोस.

सून: नाही येत. एकही नाही. आबा, पुरे आता, चेहरा लालबुंद झालाय तुमचा.

आबा: म्हणजे धड आहे. तांब्याच्या नळ्या, पितळी टाक्या. जुन्या गाडीच्या हीटरचा रेडिएटर, वीस वर्षं माळ्यावर धूळ खात पडला होता, पण कुठे गळत नाही. हल्ली असला माल मिळेल का?

सून: पण केवढा आहे हा! कॉम्प्युटरच्या पेटीत मावणारसुद्धा नाही. दुकानातून आणलेला तो छोटा काय वाईट आहे? चकचकीत आहे, नेमका बसतोय.

आबा: तो ॲल्युमिनियमचा. आणि कॉम्प्युटर थंड ठेवायला तुझ्या प्रोसेसरवर बसवायचा, पाणी खेळवायचा ठोकळा तांब्याचा. दोघांना एकाच पाण्यात ठेवलं की ॲल्युमिनियम झिजतं, सहा महिन्यांत आत गाळ. चाळीस वर्षं गळक्या रेडिएटरना डाग देत आलोय मी, मला शिकवू नकोस.

सून: मी कुठे शिकवतेय? एवढं धूड टेबलाला लटकलेलं बरं दिसेल का, एवढंच म्हणतेय.

आबा: भिंतीला लावू. तू कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढतेस, त्याच्या आड येणार नाही. आता पंख्याचं बोल. हा वीतभर रुंद, सावकाश फिरतो, आवाज नाही. ते चार छोटे नुसते गरगरतात आणि डोकं उठवतात. या रेडिएटरच्या पत्र्या विरळ आहेत, वारा सहज जातो, त्यामुळे सावकाश पंखाही पुरेल. हाच लावू ना?

सून: छोटाच एखादा लावा. कशाला एवढा खटाटोप?

आबा: अगं, खटाटोप मांडलाय कशासाठी? ही वरची खोली पत्र्याची, भट्टीसारखी तापते. पोराला परदेशातून व्हिडिओवर बोलायला मोकळीक मिळते ती रविवारी, आपल्या भर दुपारी. आणि पंधराव्या मिनिटाला हा डबा बंद पडतो! तीन वर्षं झाली त्याला तिकडे जाऊन. आठवड्यातून पंधरा मिनिटं माझं पोरगं दिसतं.

सून: मोबाइल आहे की.

आबा: त्या एवढ्याशा काचेत मला काय दिसणार? मोठ्या पडद्यावर कळतं, वजन उतरलंय की नाही ते. बरं, मला अंदाज घ्यायचाय. गेल्या रविवारी बंद पडला तेव्हा तापमान किती दाखवत होतं?

सून: बघितलं नाही.

आबा: त्याच्या आधीच्या?

सून: आठवत नाही, आबा.

आबा: नव्वदच्या वर असेल.

सून: असेल.

आबा: नव्हतं, पोरी.

सून: म्हणजे?

आबा: तू खाली निघून गेलीस, तेव्हा मी झाकण काढून हात लावला. कोमट होता. बोनेटवर हात ठेवून इंजिनाचा ताप सांगायचो मी. तापून बंद पडलेल्या वस्तूला असा हात ठेवता येत नाही.

(सून घमेल्यातला रेडिएटर उचलते, पाणी निथळू देते.)

सून: टेबलाखाली बोर्डाचं बटण आहे. पायाने बंद करते मी.

आबा: दर रविवारी?

सून: पहिल्यांदा खरंच बंद पडला होता हो, उन्हाळ्यात. यांनी लगेच फोन केला. काय झालं, तू बरी आहेस ना, आबा कुठेत... जीव नुसता कासावीस झाला होता यांचा. त्या दिवशी तासभर बोलले. लग्न झाल्यापासून इतकं कधी बोलले नव्हते माझ्याशी. पुढच्या रविवारी मीच बटण दाबलं. तेव्हाही फोन आला.

आबा: आणि आता?

सून: आता मेसेज येतो. ‘बंद पडला वाटतं. पुढच्या रविवारी बोलू.’ तरी दाबते. फोन हातात धरून जिन्यात बसते.

आबा: आणि मी वेड्यासारखा तीन आठवडे पाइप कापतोय! बोलली का नाहीस?

सून: तुमचं रेडिएटरचं दुकान बंद केल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही सकाळी शीळ घालत उठत होतात. कुठल्या तोंडाने सांगणार? रागावलात?

आबा: रागावलोय तर! माझीही पंधरा मिनिटं होती ती. तुझ्या एकटीची नव्हती.

सून: चुकलं माझं. पण आबा, थोडा वेळ झाला की ते घड्याळाकडे बघायला लागतात. मग ‘चला, ठेवतो’ म्हणतात. ते ऐकवत नाही मला.

आबा: ‘परत या’ असं म्हणालीस कधी त्याला?

सून: करार वाढवू का, असं विचारलं होतं यांनी. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मला वाटलं, तुम्ही बोलाल. वडील आहात.

आबा: आणि मी म्हटलं, बायको आहे, तिने बोलावं. आपण म्हाताऱ्याने मध्ये कशाला कडमडायचं? म्हणजे दोघांनी मिळून त्याला खुशाल राहा म्हणून सांगितलं की!

सून: तसं नव्हतं हो माझ्या मनात.

आबा: माझ्या तरी कुठे होतं? रोज जेवताना त्याची आठवण येते आणि मी मीठ कमी पडलंय म्हणून कुरकुरतो.

सून: माहितीये मला. मीठ बरोबरच असतं.

आबा: आण तो वीतभर पंखा. मोठंच सगळं बसवू. मशीन आता बंद पडायचं नाव काढणार नाही, आणि तूही पाय आवरायचास. या रविवारी सरळ सांगायचं, परत या म्हणून.

सून: तुम्ही सांगा.

आबा: मी बोलायला गेलो तर रडेन. तू सांग, मी शेजारी बसतो.

सून: आणि जमत नाही म्हणाले तर?

आबा: तर म्हणू दे. पण घरात दोन माणसं त्याची वाट बघतायत, हे त्याला एकदा कळू दे.