कायमचा ब्राउझर

...नाही, नाही, तुम्हीच सांगा, एका क्लिकला मीटिंग लागते? तुम्हाला सांगतो, मला फक्त एक क्लिक करायचं होतं! नारायणगुड्यातलं आपलं मराठी मंडळ, मंडळाचा एकच कॉम्प्युटर, आणि त्यावर पुण्याहून आलेल्या त्या चिन्मयनं लिनक्स घातलं. घातलं ते घातलं! नाटकाच्या हॉलची तारीख पक्की करायची लिंक आली, पाचच्या आत दाबा म्हणून. आणि नाटक कुठलं? वीस वर्षं पडदा ओढल्यावर ज्यात मला, या सुधीरला, पहिल्यांदा काम मिळालंय ते! सव्वाचारला दाबली लिंक. तर मशीन मलाच विचारतं, कुठल्या ब्राउझरात उघडू? फायरफॉक्स की क्रोमियम? फक्त आत्ता की कायम?

अरे, उघड ना बाबा कशातही! पण मागे अध्यक्ष उभे, हिम्मतराव. धरला माझा हात! "कायम? नक्को! कायमच्या गोष्टीला ठराव लागतो की." म्हटलं, 'फक्त आत्ता' दाबतो. "हौ, आणि मागून मंजुरी कोण देणार?" फोनवर उघडावं, तर मंडळाच्या मेलचा पासवर्ड त्या मशीनलाच ठाऊक!

झालं, बसली कार्यकारिणी. चिन्मय म्हणतो, "काका, फायरफॉक्स. प्रायव्हसी!" कसली डोंबलाची प्रायव्हसी? इथल्या वाचनालयातून कोण कुठलं पुस्तक नेतं ते आमच्या भामाताई पार अंबरपेठेपर्यंत सांगून येतात! त्याच भामाताई आता, "अगंबाई, त्याच्या चित्रात कोल्हा आहे, मंडळात कोल्हा शोभतो का?" मग सूचक कोण, अनुमोदक कोण, चहा, चहात साखर कमी... अहो, पाचला दहा कमी! मला फक्त एक क्लिक करायचं होतं! मतं पडली तीन-तीन. अध्यक्षांचं निर्णायक मत? "मी तटस्थ." तटस्थ! जन्मात एकदा गप्प बसला हा माणूस, तो नेमका तेव्हा!

पाच वाजून दहा मिनिटांनी ठराव झाला. सर्वानुमते, वर टाळ्या! काय ठरलं? मशीननं दर वेळी विचारावं! अरे, ते तेच करत होतं ना!

दाबली लिंक. बंद. हॉलवाल्याला फोन लावला, तर तेलुगूत म्हणतो, "अय्यो सार, टाइम अयिपोयिंदि!" वेळ संपली म्हणे! वर्षातली शेवटची मोकळी तारीख गेली चिक्कडपल्लीच्या कुठल्याशा भजनी मंडळाला.

फक्त एक क्लिक हो... माझं काम बायकोलासुद्धा पाठ झालंय. संताप आला, खोटं कशाला बोलू, रडूही आलं. हिम्मतराव खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "परेशान नका होऊ. पुढच्या वर्षी करू की नाटक. पडदा तुमच्याशिवाय कोण ओढणार?"

आणि बघा, ह्या कायमच्या कामाला काही ठराव लागला नाही.