कुसुमच्या गोष्टीतली बेल

बसा, बसा. खुर्च्या कमी पडल्यात, सतरंजीवर बसा. आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीच्या या हॉलमध्ये गणपतीतसुद्धा एवढी माणसं जमत नाहीत. बघ कुसुम, इथंही बाजी मारलीस.

मला बोलता येत नाही हो. चौथीपर्यंत शाळा, त्यातही अर्धा वेळ भावंडं सांभाळली. माइकवर बोलायचं काम कुसुमचं. आता तिच्याच फोटोसमोर उभं राहून मला बोलायचंय. बोलते.

मी तिची समोरच्या दारातली शेजारीण. आणि खरं सांगू? मी तिच्यावर जळायचे. वसंतभावजी, हसताय ना, तुम्हाला माहीतच होतं. तिच्या पुरणपोळीवर नाही हं, पोळी माझीच मऊ. मी जळायचे ती तिच्या फसवणुकीवर.

कशी फसली ते जुन्यांना पाठ आहे. नव्या माणसांसाठी सांगते. तिच्या फोनवर वर्दीतला साहेब दिसला. म्हणाला, तुमच्या नावावर गुन्हा आहे, फोनसमोरून हलू नका, कोणाला सांगू नका. भावजी गावी गेलेले. आणि आमची ही डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर उभी. साहेबासमोर बसायचं कसं? वर त्यालाच विचारते, ‘साहेब, तुम्ही चहा घेतलात का?’ तेवढ्यात मी बेल वाजवली, तिचा डबा परत द्यायला. आतून म्हणाली, ‘झोपलेय गं, नंतर ये.’ मी गेले फणकाऱ्याने. संध्याकाळपर्यंत त्याने सांगितली तशी बटणं दाबत गेली आणि म्हातारपणासाठी साठवलेलं सगळं गेलं.

दुसरी असती तर तोंड लपवून बसली असती. हिने काय केलं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, नाव घ्या. हिने घेतलं,

‘साहेब म्हणाला फोनवर, कोणाला सांगू नका,
वसंतरावांचं नाव घेते, बायांनो, गप्प बसू नका.’

आधी सगळ्या हसल्या. मग कोपऱ्यातली एक रडायला लागली. तिलाही असंच फसवलेलं, घरात कोणाजवळ बोलली नव्हती. कुसुमने तिला जवळ घेतलं, वाटीतला तिळगूळ तसाच राहिला.

मग काय, टिटवाळ्याच्या भजनी मंडळात बोलवा, बाळकुमच्या महिला मंडळात बोलवा. घ्यायला रिक्षा यायची. शाल, नारळ. मी मेली सोबत, पिशवी धरायला. ‘झोपलेय गं’ आलं की बाया पोट धरून हसायच्या. मी म्हटलं, ‘अगं, गोष्टीत माझं नाव तरी घे. मी काय नुसती बेल?’ म्हणाली, ‘दार ठोठावत राहिली असतीस तर हिरोईन झाली असतीस.’ बरेच दिवस बोलले नाही मी तिच्याशी.

आणि मग, ती हॉस्पिटलात असताना, मला फोन आला. तोच साहेब, नाहीतर त्याचा भाऊ. वर्दी, जड आवाज. एवढ्यांदा ऐकलेली गोष्ट, तरी पदर आपोआप डोक्यावर गेला. मग तो म्हणाला, ‘कोणाला सांगू नका.’ आणि माझ्या कानात कुसुमचा उखाणा वाजला. मी फोन कणकेच्या डब्यात टाकला, दार उघडलं आणि जिन्यात उभी राहून ओरडले. वरून-खालून माणसं धावली. कोणी पोळीचं लाटणं घेऊन आलं.

संध्याकाळी तिला सांगायला गेले. नळ्या लावलेल्या, तरी बारीकसारीक विचारत होती. कणकेच्या डब्याला हसली. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, ‘तुझी गोष्ट माझ्यापेक्षा चांगली आहे गं. तू वाचलीस.’

जळली. पहिल्यांदा ती माझ्यावर जळली. मला इतका आनंद झाला, काय सांगू. घरापर्यंत हसत आले. वर आले, तिचं बंद दार दिसलं आणि तिथंच पायरीवर बसले.

परवा टिटवाळ्याच्या बायांचा फोन आला, आता तुम्ही या. जाईन. पिशवी माझी मीच धरीन. आणि कुसुम, माझ्या गोष्टीत पहिलं नाव तुझंच येईल. मी तुला बेल करणार नाही.

चला, उभे राहा. एक मिनिट शांत राहूया. एकच हं. जास्त वेळ गप्प बसलेलं तिला चालायचं नाही.