दुसऱ्या माळ्यावर बांबू चढत नाई

माह्यं माहेर केळझराकडचं. चतुर्थीले गनपतीच्या देवळापाशी माह्या मायचं दुकान राहे, दुकान म्हंजे काय, खाली फडकं आन त्याच्यावर सुपं आन टोपले. आमी जातीचे बुरुड, बांबूचं काम आमचं. दुधाचे दात होते तवापासून माह्या हातात सुरी हाय, हे पाहा बोटं, एक बोट बिनखुनेचं दिसते का तुमाले. मंग लग्न झालं आन मी या गावात आली. गावाचं नाव लिहू नका भाऊ, मले इथंच राहाचं हाय अजून. बाकी सारं लिहा, जसंच्या तसं लिहा.

बाजारामांगं नगरपालिकेची जागा होती, तिथं आमा बुरडाइच्या घरायची रांग, माह्या सासऱ्याच्याबी आंधीपासूनची. घर म्हनाल तं कुडाचंच, वरून कवेलू, पन दारापुढं आंगन असं का आख्खा बांबू आडवा टाका नाईतं उभा टाका, कोनाले अडचन नाई. सकायी बांबू चिरा, दुपारी निंबाखाली बसून सुपं इना, उन्हाळ्यात रातच्याले तिथंच बाजा टाकून झोपा. आमच्यात घर म्हंजे आंगनच, खोली काय, पावसापुरती. नगरपालिकेनं नळ देला, लाइट देली, घरपट्टी लावली, आमी दरसाल भरली. मंग नगरपालिकेच्या कागदात आमी अतिक्रमनवाले कधी झालो, हे मले आजवर कोनं सांगतलं नाई.

तवा तिकडं वर्धेले पिपरी मेघेकडं जिकडंतिकडं पलाट पडून राह्यले होते, घरं होऊन राह्यली होती, तशी आमच्या गावच्या मेंबरायचीबी नजर आमच्या जागेवर आली. आमच्या वार्डाचा मेंबर, ज्याच्या लग्नातलं सूप माह्या हातचं, त्यानं समाजमंदिरात सभा घेतली. म्हने सरकारची घरकुलाची योजना आली हाय, कोनाकोनाले पक्कं घर पायजे त्यानं हात वर करा. आता काय सांगू तुमाले, पक्कं घर कोनाले नको होईन? पावसात कवेलू फेरता फेरता कंबर गेली आमची. साऱ्याइनं हात वर केले, मीबी केला, मांडीवरच्या पोरीचाबी हात धरून वर केला, एवढी मी खूष. कुठी देता, केवढं देता, कितव्या माळ्यावर देता, हे कोनं विचारलंच नाई. आन तिकडं नगरपालिकेच्या सभेत ठराव झाला का बुरुड वस्तीतल्या साऱ्या लोकाइनं राजीखुशीनं जागा सोडाले होकार देला. आमी घर मागत होतो भाऊ. जागा सोडाची गोठ त्या सभेत कोनाच्या तोंडातून निंगालीच नाई. पन लिहून ठेवलं तं ठेवलं. आमच्या जागेवर शॉपिंग कॉम्प्लेक्स, आन आमाले गावाबाहेर नाल्याकडं तीन माळ्यायची बिल्डिंग.

मी गेलती इंजिनेर साहेबाकडं. म्हनलं साहेब, बांबू कुठी ठेवाचा. तो म्हने बाई, एवढं चांगलं घर भेटून राह्यलं, संडास आतमंदी, नळ आतमंदी, आन तुले बांबूचं पडलं. माहा नवराबी त्याच्याच बाजूनं, म्हने तू नाट लावू नको. मंग कर्जाचं निंगालं. थोडा पैसा सरकारचा, थोडा आपला, बाकीचा बँकेचा. बँकेतला साहेब सोता आमच्या आंगनात आला, माल पाह्यला, म्हने धंदा चांगला हाय तुमचा, हप्ता फेडान तुमी, आन त्याच्यावर त्यानं सही केली. हे ध्यानात ठेवा भाऊ. कर्ज देताना आमचा धंदा पाह्यला, घर देताना नाई पाह्यला.

खालची घरं कोनाले गेली ते मी सांगत नाई, तुमी जाऊन दारावरच्या पाट्या वाचा. आमाले दुसरा माळा. पयल्याच दिवशी मी आन नवरा बांबू घेऊन जिन्यात शिरलो, पयल्या वळनावर बांबू अडकला. इकडून फिरवला, तिकडून फिरवला, भिंतीचा चुना निंगाला पन बांबू काई वळला नाई. नवरा तिथंच पायरीवर बसला, तवा त्याले समजलं मी काय बोंबलत होती ते. मंग खालीच बांबू कापून तुकडे वर नेले. पन तुकड्याचं सूप होते, टोपलं होते, भिंतीले आन मांडवाले लावाच्या लांब तट्ट्या नाई होत, मांडवाचं काम नाई होत, आन आमची खरी कमाई तट्ट्यायचीच. बिल्डिंगीपुढं बांबू ठेवला तं तो उचलून नेला लोकाइनं. घरात चिरला तं खालची बाई वर आली, म्हने दिवसभर ठकठक, माह्या सासूचं डोकं दुखते. तिचंबी खोटं नाई, तिनं काऊन आयकाचं? कमच्या, म्हंजे बांबूच्या पातळ पट्ट्या, भिजत टाकल्या तं पानी तिच्या घरात टपकलं. मंग नगरपालिकेची नोटीस आली का राहाच्या घरात धंदा करून राह्यले, बंद करा.

त्या दिवशी मात्र माह्यं डोकं फिरलं. मी नोटीस घेऊन सीधी मुख्याधिकाऱ्याच्या खोलीत घुसली. शिपाई थांब म्हने, मी थांबली नाई. म्हनलं साहेब, तुमच्याच लोकाइनं आमाले बुरुड म्हनून घर देलं, आन आता म्हनता बुरडाचं काम करू नका, मंग खाऊ काय आन बँकेचा हप्ता भरू कुठून? तो मानूस बोलाले चांगला होता, खुर्ची देली, म्हने हा ठराव माह्या आंधीचा, मले बदलवता येत नाई, तुमी लोकाइनं तवाच काऊन नाई सांगतलं. मी सांगतलं होतं, पन सांगतलेलं कोनं लिहिलं नाई. वर केलेला हात तेवढा लिहिला.

आता पाहा, कॉम्प्लेक्स उभं झालं. अर्ध्या गाळ्यायचे शटर अजून बंद हायेत, कोनी घेत नाई. आमचा निंब तं पायवा खनतानाच तोडला. मी सकायी डबा घेऊन येतो आन या बंद गाळ्यापुढच्या वऱ्हांड्यात बसतो, इथं आख्खा बांबू मावते. नगरपालिकेचा मानूस येते, बैठकीची पावती फाडते. जिथं माह्या सासूनं माह्या लेकरायले न्हाऊ घातलं, तिथं बसाची मी पावती घेतो. नवऱ्याचे गुडघे गेले, तो जिना उतरत नाई, वर खिडकीपाशी बसून कमच्या सोलते आन पोरगी त्या मले इथं आनून देते.

मांगच्या महिन्यात पावतीवाला म्हने, मावशी, आता इथून उठा लागन, वऱ्हांडा मोकळा कराचा ठराव झाला, तुमाले तं नगरपालिकेनं घर देलं ना. मी सुरी खाली ठेवली आन म्हनलं, घर नाई देलं बाप्पा, झोपाची जागा देली. घर तं तुमी घेतलं, त्याच्यावरच उभा हायेस तू. त्यानं पावती फाडली आन गेला.

उठवतीन तवा उठवतीन, मी आपल्या पायानं उठनार नाई. हे घ्या, हे सूप घेऊन जा, पैसे नका देऊ, तुमच्या घरी भरलेलं राहो. आन तुमच्या पोरीच्या लग्नाले सुपं लागली तं मले इथंच पाहाले येजा. वर माळ्यावर येऊ नका.