न्यूअर्कात वाजला आमचा माग

मी मूळचा इचलकरंजीचा. दत्तात्रय नाव, पण ते इथं कुणाच्या तोंडात बसत न्हाई, तवा दत्ताच म्हणा. आजा मागावर, बाप मागावर, शाळा सुटली तसा मी पण मागावर. घरामागंच शेड हुतं, चार माग, रात्रंदिस चालायचे, खट्याक खट्याक खट्याक, पाळण्यात हुतो तवापास्नं कानात त्योच आवाज, आणि काय सांगू तुम्हास्नी, वीज गेली नि माग थांबले की गल्लीतली सगळी तान्ही पोरं एकदम जागी हून रडायची, एवढी सवय. माझी थोरली बहीण, अक्का, नर्स हून अमेरिकेत आलेली, तिनं माझ्यासाठी अर्ज घातला, त्यो मंजूर हुईस्तवर माझे केस पिकले. धाकटा भाऊ सदा म्हणला, दादा, तू जा, माग मी बघतो. आलो बगा मग, मी नि शालन, एडिसनला.

तर एडिसनला सगळं चांगलं, पाणी गरम, भाजी ताजी, पण आवाज म्हणून न्हाई. गाड्या जात्यात त्या पण चोरासारख्या. मला झोपच येईना. कूस बदलून बदलून गादीला खड्डा पडला. अक्का डॉक्टरकडं घेऊन गेली, त्यो इचारतोय काय त्रास हुतो, मी म्हणलं आवाज न्हाई, ह्योच त्रास. त्यानं अक्काकडं बघितलं, अक्कानं छताकडं. गोळ्या दिल्या, तर त्या दिवसाच चढायच्या. ओक ट्री रोडवर एका किराणा दुकानात कामाला हुतो, तिथं तांदळाच्या पोत्यावर डोकं ठेवून जो पडलो, ते गिऱ्हाइकानं पोतं उचलायला घेतलं तवा जागा झालो. मालक म्हणला, काका, तुम्ही घरीच झोपा.

मग अक्काच्या ओळखीनं न्यूअर्कच्या ह्या हॉलात लागलो, दोन हजार पाच-सहाची गोष्ट. लग्नं, वाढदिवस, बारसं, समदं हुतं हितं. खुर्च्या मांडायच्या, काढायच्या, झाडायचं. मॅनेजर मिस लोरेन, बाई धिप्पाड, आवाज असा की माईक लागत न्हाई. आणि रविवारी दुपारी शाळकरी पोरापोरींची पार्टी, दारू न्हाई, काय न्हाई, नुसतं नाच. गाणी लावणारा मार्कस, विशीतला पोरगा, दोन मशिनी नि एक लॅपटॉप. त्या गाण्याला ती पोरं नुसतं क्लब म्हणायची. मार्कस सांगायचा, हे मूळचं बॉल्टिमोरचं, पण आम्ही न्यूअर्कवाल्यांनी आमचं करून घेतलं, अजून फास्ट. फास्ट म्हंजे काय, धम, धम, धमधमधम, आणि वरनं एखादा माणूस उचकी लागल्यागत एकच शब्द धरून बसलेला. पोरं अशी नाचायची की पाय कुणाचा नि गुडघा कुणाचा कळायचं न्हाई.

पहिल्या रविवारी मी भिंतीकडंच्या खुर्चीत बसलो, कोपऱ्यातल्या स्पीकरच्या शेजारी. धम, धम, धमधमधम सुरू झालं, आणि बगा, माझे डोळे जड झाले. कितीतरी महिन्यांनी अशी झोप लागली. सगळा हॉल हादरतोय, पोरं किंचाळत्यात, आणि मी तोंड उघडं टाकून घोरतोय. एका पोरीला वाटलं, म्हातारा गेला. गाणं बंद केलं. गाणं बंद झालं तसा मी जागा झालो, मागं गल्लीतली पोरं व्हायची तसाच.

मिस लोरेन म्हणली, मिस्टर डॅटा, ड्यूटीवर झोपायचं असंल तर उद्यापास्नं येऊ नका. मी मार्कसला मोडक्या इंग्लिशमधी समजावलं, की बाबा, मला घरी झोप न्हाई, तुझ्या ह्या गाण्यात येती. त्यो हसला न्हाई, हे मला लई आवडलं. त्यानं एक सीडी करून दिली, म्हणला, अंकल डी, ही घरी लावा, हितं जागं राहा. नोकरी वाचली.

हॉलातनं लग्नाचं आवरून यायला पहाट व्हायची, तवा मी सकाळी नाष्टा करून झोपायचो. शालन स्वयपाकघरात, मी आत एकटा, सीडी फुल्ल. काय झोप लागायची महाराज. आमच्या खालच्या मजल्यावर जोशीकाका नि जोशीकाकू, पुण्याचे, काका इंजिनियर, रिटायर. दोघंही लई सोज्वळ. आता त्या सीडीत एका गाण्यात कुचकुच, कुचकुच असा एक आवाज हुता, ठेक्यात, गाणं संपस्तवर. मला वाटायचं, मागाचं तेलपाणी राहिलंय तसा ह्यो आवाज. मला त्यो सगळ्यात आवडायचा. त्योच परत परत लावायचो.

तर एक दिवस जोशीकाकू वर आल्या, हातात वाटीभर आंबेडाळ. शालनला म्हणाल्या, अहो, रागावू नका, पण सकाळी सकाळी जरा जास्तच होतं हो, ह्यांची पूजा चालू असते. शालन म्हणली, करू काय काकू, त्याबिगर ह्यांना झोपच लागत न्हाई. काकू म्हणाल्या, रोज? शालन म्हणली, रोज, रविवारी तर दोनदा. काकू म्हणाल्या, या वयात? ब्लडप्रेशर वगैरे काही? शालन म्हणली, उलट त्यानंच उतरलं बगा, डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या. काकूंनी आंबेडाळीची वाटी टेबलावर ठेवली आणि वाटी परत न घेताच गेल्या.

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला काकूंनी अक्काला गाठलं. अक्का तरातरा आमच्याकडं आली, म्हणली, दत्त्या, लाव ती सीडी. मी लावली. तिनं ऐकलं, बंद केली, म्हणली, मूर्खा, हा पलंगाचा आवाज आहे. मी म्हणलं, कुठल्या पलंगाचा? अक्का म्हणली, कुठल्या का असेना, अख्ख्या एडिसनला तुझा वाटतोय. शालन जी पदरात तोंड घालून बसली, ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. आणि बोलली तवा म्हणली, ती नोकरी सोडा, असली घाण वाजती तिथं. मी म्हणलं, अगं पुन्हा झोप जाईल. तर म्हणली, जाऊ दे, मी जिन्यात तोंड कसं दाखवू.

मी ऐकंना, तर रविवारी स्वतःच आली माझ्याबरोबर. पातळ नेसून, वर जाकीट, सरळ मार्कसच्या मशिनीपाशी. त्याला मराठीतच झापला. लेकरा, तुला आईबाप हाईत का न्हाई, माणसं सीडीत देव घालत्यात, तू पलंग घालतोस? मी मधी इंग्लिश करतोय. मार्कस नुसता यस मॅम, सॉरी मॅम. मग माझ्याकडं वळून म्हणला, पलंग काढतो, पण अंकल, तुम्हाला त्यात नक्की काय ऐकू येतं? मी टेबलावर दोन हातांनी माग वाजवून दाखवला. त्यो म्हणला, हा खराखुरा कुठं मिळेल?

फोनकार्डावरनं इचलकरंजीला सदाला फोन लावला, स्पीकरवर. म्हणलं, सदा, माग ऐकव. सदा म्हणला, दादा, पिलास का? म्हणलं, न्हाई रे, फोन मागाजवळ धर. धरला त्यानं. मार्कसनं माईक लावून सगळं भरून घेतलं, आणि तेवढ्यात शेडात मधीच कांडीवरचा धागा संपलेला, सदा कामगारावर वरडला, कांडी संपली, कांडी. ते पण आलं त्यात.

पुढच्या रविवारी ते वाजलं. धम, धम, धमधमधम, पलंगाच्या जागी आमचा माग, खट्याक खट्याक, आणि वरनं सदा, कांडी, कांडी, कांडी कांडी कांडी. पोरं येडी झाली. त्यांना वाटलं, अंकलचा भाऊ कँडी मागतोय. सगळा हॉल कँडी, कँडी करत नाचतोय. शालन पण ऐकायला आलती, किचनच्या दारात उभी हुती, ती मटकन खुर्चीत बसली. लग्न हून आली तवा ती पण कांड्या भरायची आमच्या शेडात. हसत हुती का रडत हुती, मी इचारलं न्हाई. तवापास्नं पोरं येताना माझ्यासाठी गोळ्या-चॉकलेटं आणायला लागली, मला डायबेटिस, सगळी जोशीकाकांना देतो. काकूंनी वाटी परत नेली एकदाची.

गेल्या साली सदानं माग भंगारात काढले. परवडंना, साधे माग कुणी घेईना. फोनवर म्हणला, दादा, शेड रिकामं केलं. मग म्हणला, आता घरात लई शांत वाटतंय, झोप येत न्हाई. मी मार्कसची ती मागाची सीडी पाठवली. त्याची बायको वैतागली असंल, पण झोपतोय म्हणतो.

आता शालन पण हितंच किचनला लागलीया, मिस लोरेनशी कशी बोलती ते दोघींनाच माहीत, पण दोघी मिळून मला रागवत्यात. मार्कसनं लग्न केलं, जोडीनं पाया पडायला आलता, कुणी शिकवलं कुणास ठाऊक. अशी चांगली पोरं, त्यांचं भलं व्हावं. चला, दार उघडतो, यायला लागली बगा. तुम्ही थांबा की, नाच बघून जा, पण जरा लांब बसा, देव तुमचे कान शाबूत ठेवो.